पुतळा नको, एक मिनिट द्या

मंडळी, आज राजकारण नाही. म्हणजे थोडं आहे, पण ते शेवटी येईल. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

एर्विन वुर्म नावाचा एक ऑस्ट्रियन शिल्पकार आहे. जन्म १९५४चा, ब्रुक आन डेर मूर नावाच्या गावातला. जर्मन भाषेत 'वुर्म' म्हणजे अळी, किडा. म्हणजे गंमत आडनावापासूनच सुरू होते. वडील पोलीस खात्यात. पोराला व्हायचं होतं चित्रकार, पण प्रवेशाच्या वेळी त्याला चित्रकलेऐवजी शिल्पकलेच्या वर्गात टाकलं. आपल्याकडे सायन्स मागितलं आणि कॉमर्स मिळालं असं होतं ना, तसंच. काही माणसं अशा वेळी जन्मभर कुढत बसतात. यानं स्वतःलाच विचारलं, बरं, शिल्पात येऊन पडलोच आहे, तर शिल्प म्हणजे नक्की काय ते तरी बघू. आज सत्तरी ओलांडली तरी तो तेच बघतोय.

सुरुवातीला पैसे नव्हते. मग लाकडाचे तुकडे, पत्रा, जे हाताशी असेल ते. पुढे जुने कपडे. स्वेटर घ्यायचा, भिंतीवर खिळ्यांनी असा टांगायचा की त्याला घड्या पडून एक आकार येईल. मग धूळ! हो, धूळ. एखाद्या पृष्ठभागावर धूळ पसरायची आणि मधे एक स्वच्छ चौकोन ठेवायचा, जणू इथे काहीतरी ठेवलेलं होतं आणि आत्ताच कुणी उचललं. आपल्या घरात जुना फोटो भिंतीवरून उतरवला की मागे एक उजळ चौकोन राहतो बघा. फोटो नसतो, पण फोटोची जागा दिसते. याला वाटलं, हेही शिल्पच की.

इथवर वाचून काही जण म्हणतील, झालं, आता हे मॉडर्न आर्टवाले आम्हाला धूळ विकणार. थांबा जरा.

१९९६-९७च्या आसपास त्यानं एक मालिका सुरू केली, 'वन मिनिट स्कल्प्चर्स'. एका मिनिटाची शिल्पं. एक बुटका पांढरा ओटा असतो. त्यावर रोजच्या वापरातली वस्तू. बादली, खुर्ची, संत्रं, साबणाच्या पाण्याची बाटली, पेन, स्वेटर. शेजारी वुर्मनं स्वतः काढलेलं साधं रेखाचित्र आणि एका-दोन ओळींत सूचना. प्रेक्षकानं ओट्यावर चढायचं, चित्रात दाखवलंय तसं करायचं आणि मिनिटभर हलायचं नाही. बादली डोक्यावर पालथी घालून उभं राहा. स्वतः आणि भिंत यांच्यामध्ये वस्तू दाबून धरा. एवढंच. ते मिनिटभर तुम्ही शिल्प. मिनिट संपलं, तुम्ही उतरलात, शिल्प मोडलं. उरलाच तर एक फोटो.

आठवलं का काही? मला तर वाचताक्षणी आठवलं. "स्टॅच्यू!"

शाळेच्या मधल्या सुट्टीत, जिन्यात, वाड्याच्या चौकात कुणीतरी मागून ओरडायचं, "स्टॅच्यू!" आणि आपण जिथे असू, जसे असू, तसे थिजायचो. एक पाय वर, हातात अर्धी पोळी, तोंड उघडं. समोरचा "ओव्हर" म्हणेपर्यंत सुटका नाही. आणि तो मुद्दाम लवकर म्हणायचा नाही. माशी नाकावर बसायची. हसू दाबून पोट दुखायचं. आपण सगळ्यांनी हे शिल्प केलंय, फक्त त्याला कुणी शिल्प म्हटलं नाही.

माझी भाची शिकायला व्हिएन्नात आहे. वुर्मच्या सत्तरीनिमित्त तिथल्या आल्बर्टिना मॉडर्न या संग्रहालयात त्याच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं, सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५. ती मैत्रिणींबरोबर गेली आणि ओट्यावर चढलेला स्वतःचा फोटो घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. अवघडलेली, मान वाकडी, डोळ्यांत "आता पडते" असा भाव. ग्रुपवर जे व्हायचं तेच झालं. थोरला भाऊ: "यासाठी तिकीट काढलंस?" काकू: "बाळा, मानेला लचक भरेल." एका मेव्हण्यानं हसून रडणाऱ्या आठ बाहुल्या टाकल्या. आणि मग तो कायमचा प्रश्न आला, "याला कला म्हणतात?"

मी तिला वेगळा फोन केला आणि विचारलं, कसं वाटलं गं खरं? ती म्हणाली, "मामा, पहिले दहा सेकंद हसू येतं. मग लाज वाटते, कारण लोक बघत असतात. मग एक वेळ अशी येते की लाज बाजूला राहते आणि फक्त हात थरथरतोय एवढंच कळतं. मला माझा हात एवढा कधीच कळला नव्हता."

हे तिचं शेवटचं वाक्य मी विसरलो नाही. त्याला कारण आहे, आणि ते घरातलं आहे.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. जीव वाचला, बोलणं परतलं, पण डावा हात आणि डावा पाय रुसून बसले. फिजिओथेरपीला एक मुलगी घरी यायची, हसरी, पंचविशीतली. तिची सगळी साधनं आमच्याच घरातली. स्वयंपाकघरातली वाटी, चेंडू म्हणून मोजा गुंडाळून केलेला गोळा, पाण्याची अर्धी भरलेली बाटली, खुर्चीची पाठ. "आजी, वाटी तळहातावर ठेवायची आणि साठ मोजेपर्यंत पाडायची नाही." आई म्हणाली, "साठ? माझी साठी कधीच उलटली, बाई." पण धरली. बाराला वाटी पडली. स्टीलची वाटी फरशीवर पडते तेव्हा केवढा आवाज होतो, आणि तो आवाज ऐकून आईचा चेहरा कसा होतो, ते मी रोज बघत होतो.

तेवीस. एकोणीस. एकतीस. दिवाळीच्या सुमाराला पंचेचाळीस.

मी भाचीनं पाठवलेले आणखी फोटो आईला मोबाईलवर दाखवले. एक धडधाकट माणूस, अंगात चांगला कोट, आणि तो काहीतरी विचित्र वस्तू अंगाला लावून तोल सांभाळत उभा. आईनं चष्मा लावून नीट पाहिलं. "याला काय झालंय?" मी म्हटलं, काही नाही झालेलं, तो मुद्दाम करतोय, आणि लोक पैसे देऊन करायला जातात. आई बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी घरबसल्या फुकटात करत्ये."

तिच्या त्या बोलण्यानंतर मी वुर्मबद्दल शोधशोधून वाचायला लागलो. तोवर मलाही तो एक हुशार टवाळ वाटत होता.

या माणसाचं मूळ गणित अगदी साधं आहे. मूर्तिकार काय करतो? माती लावतो किंवा माती काढतो. आकारमान वाढवतो किंवा घटवतो. मग वुर्म म्हणतो, माणूस जाडा होतो तेव्हाही हेच होतं, बारीक होतो तेव्हाही हेच. म्हणजे वजन वाढणं हे शिल्पकाम झालं, आणि आपण सगळे जन्मभर स्वतःचं शिल्प करतोय, बहुतेक वेळा नकळत, वडापाव खात. १९९२मध्ये त्यानं एक व्हिडिओ केला, त्यात एक माणूस आपल्या कपाटातले कपडे एकावर एक चढवत जातो, फुगत फुगत शेवटी गाठोडं होतो. १९९३मध्ये त्यानं एक पुस्तिका केली. आठ दिवसांत कपड्यांचे दोन माप वाढायचे असतील तर काय खायचं आणि कसं लोळायचं, याची शिस्तशीर कृती. आपल्याकडे सगळीकडे 'आठ दिवसांत पोट कमी करा'च्या जाहिराती असतात, यानं उलटी लिहिली. त्याच सुमाराला स्वतःचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले, एक आहे तसा आणि एक फुगलेला.

मग तो वस्तूंकडे वळला. २००१च्या सुमाराला 'फॅट कार', जाडी मोटार. खरीखुरी चकचकीत गाडी, पण अंगावर वळ्या, पोट सुटलेलं, टायर मांड्यांमध्ये रुतलेले. मग २००३मध्ये जाडं घर. घराला चरबी. आत गेलं की एक व्हिडिओ लागलेला असतो, त्यात ते घरच स्वतःशी बोलत असतं. मी घर आहे का? की कलाकृती आहे? आधी गाडी, मग मोठी गाडी, मग फ्लॅट, मग बंगला, आणि प्रत्येकाची ईएमआय भरता भरता आपणच सुजत जातो, हे आमच्या पिढीला कुणी समजावून सांगायला नको. वुर्मनं त्यावर भाषण दिलं नाही, गाडीला ढेरी काढली. लग्नाच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघताना मला आता त्या ढेऱ्या दिसतात, काय करू?

पण माझ्या मनात घर करून राहिलं ते दुसरं घर. 'नॅरो हाऊस', अरुंद घर, २०१०चं. वुर्म ज्या आईवडिलांच्या घरात वाढला, त्या घराची त्यानं प्रतिकृती केली. उंची, लांबी घरासारखीच, पण रुंदी दाबून मीटरभरावर आणलेली. आतलं सामानही तसंच दाबलेलं. पलंग अरुंद, टेबल अरुंद, संडासाचं भांडंसुद्धा अरुंद. प्रेक्षकानं खांदे चोरत आत शिरायचं. २०११मध्ये व्हेनिसला ते लोकांसाठी उभं केलं होतं. कशाला असं केलं असेल? युद्धानंतरचा ऑस्ट्रिया, कुणी काही बोलायचं नाही अशी घरं, लोक काय म्हणतील याचं ओझं, पोलीस बाप. तो अरुंदपणा त्यानं शब्दांत सांगितला नाही, भिंती जवळ आणल्या. आपल्यातल्या कितीजणांचं बालपणीचं घर चांगलं तीन खोल्यांचं होतं, तरी आतून मीटरभर रुंद होतं! जरा आठवून बघा.

आणि काकडीची गोष्ट तर सांगायलाच हवी. या माणसानं स्वतःचं आत्मचित्र म्हणून काय केलं असेल? काकड्या. युरोपात बरणीत व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या छोट्या खरबरीत काकड्या मिळतात, तशा. डझनावारी काकड्या, प्रत्येक वेगळ्या बाकाची, वेगळ्या उंचीची, प्रत्येकीला स्वतंत्र चौथरा. नाव, 'लोणच्याच्या काकड्यांच्या रूपात स्वतःचं चित्र'. हसलात ना? मीही हसलो. मग वाटलं, बरोबर आहे की. एक काकडी दुसरीसारखी नसते आणि तरी प्रत्येक काकडी काकडीच असते. माणसाचं याहून वेगळं काय आहे? सकाळचा मी, बँकेच्या रांगेतला मी, आईची वाटी पडल्यावर चिडणारा मी, रात्री त्याचं वाईट वाटणारा मी. सगळ्यांना आपापला चौथरा द्यायचा तर मलाही डझनभर लागतील.

२०११मध्ये साल्झबुर्ग शहरात, मोझार्टच्या त्या नटलेल्या गावात, एका बागेत त्याच्या पाच काकड्या कायमच्या उभ्या राहिल्या. माणसाच्या उंचीच्या, हिरव्यागार, ब्राँझच्या, एका ओळीत. आजूबाजूला जुन्या भव्य इमारती आणि मधे काकड्या. येणारेजाणारे शेजारी उभे राहून फोटो काढतात, पोरं उंची मोजतात. ना कठडा, ना साखळी.

आता कुणी म्हणेल, एवढं आत्मचिंतन कशाला, स्वतःच स्वतःचं किती बघायचं? मलाही हा प्रश्न पडला होता. आपण तर सेल्फीच्या काळात आहोत, आणखी 'मी' कुणाला हवाय? पण सेल्फीत आपण चांगले दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा काढतो. वुर्म चाळीस वर्षं स्वतःला बघतोय ते ओशाळं वाटेल अशा जागी. जाडा, वाकडा, बावळट, काकडी. स्वतःला हसता येईपर्यंत बघत राहायचं, असा तो अभ्यास आहे. आपल्याकडे कीर्तनकार स्वतःलाच मूढ, पामर म्हणून घेऊन पुढचं सांगतो, आणि समोरचा प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी सावरून बसतो. मला ते नातं जवळचं वाटतं.

आक्षेपही आहेत, ते लपवत नाही. एकच विनोद किती वर्षं पुरवायचा, असं त्याच्याबद्दल बोललं जातं. उपभोगाची टिंगल करणारी जाडी गाडी शेवटी श्रीमंताच्याच संग्रहात जाऊन बसते, हेही खरं. २००३मध्ये रेड हॉट चिली पेपर्स या अमेरिकन बँडनं 'कान्ट स्टॉप' गाण्याच्या व्हिडिओत त्याच्या मिनिटभराच्या शिल्पांची कल्पना घेतली, तसं श्रेयही दिलं, आणि ते जगभर पोचलं. त्यानंतर ती कल्पना जाहिरातीसारखीही वाटू शकते. मान्य.

पण मग २०१७चा ट्रक आठवतो. व्हेनिसच्या बिएनालेत ऑस्ट्रियाच्या दालनात त्या वर्षी तो आणि ब्रिगिट्टे कोव्हान्झ हे दोन कलाकार होते. दालनाबाहेर वुर्मनं एक अख्खा मालट्रक नाकावर उभा केला. आतल्या जिन्यानं वर चढायचं, आणि वरच्या सज्ज्यावर एक सूचना, शांत उभे राहा आणि भूमध्य समुद्राकडे बघा. पुन्हा तीच मिनिटभराची कसरत. पण त्या वर्षांत भूमध्य समुद्रात काय चाललं होतं? होड्या भरभरून माणसं येत होती, बुडत होती. आणि ट्रक? ऑगस्ट २०१५मध्ये ऑस्ट्रियाच्या महामार्गाकडेला सोडून दिलेल्या एका बंद ट्रकमध्ये ७१ निर्वासितांचे मृतदेह सापडले होते. ऑस्ट्रियाच्या दालनासमोर उभा ट्रक बघून कुणाला ते आठवणार नाही? टवाळ माणूस इथे एक शब्द बोलत नाही. फक्त म्हणतो, उभे राहा आणि बघा. मिनिटभर तरी.

आता येतो आपल्या गावावर. राजकारण शेवटी आहे म्हटलं होतं ना.

मी पुतळ्यांच्या विरोधात नाही, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर कमेंटमध्ये तेच सुरू होईल. महाराष्ट्राला पुतळ्याचं मोल सांगायला नको. १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा घडवणारे राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा उभारून नऊ महिने व्हायच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला, तेव्हा अख्खं राज्य हळहळलं, चिडलं. ते बरोबरच होतं. पुतळ्यापुढे आपण मान वर करून उभे राहतो, आणि तशी जागा गावात असायलाच हवी.

माझा प्रश्न बाकीच्या जागेबद्दल आहे. 'सुशोभीकरण' या एका शब्दाखाली गावोगाव काय उभं राहतंय? समुद्रापासून दोनशे किलोमीटरवर फायबरचे डॉल्फिन. रंग उडालेलं हरीण. 'आय लव्ह' आणि लाल बदाम आणि पुढे गावाचं नाव, रात्री लाइट लागतात, त्यातलं एक अक्षर महिन्याभरात बंद. सगळ्याला साखळी, सगळ्यावर पाटी, 'हात लावू नये', 'चढू नये', 'बसू नये'. म्हणजे शिल्प म्हणून जे काही आपल्या पोरांना भेटतं, त्याची पहिली ओळख 'नको' या शब्दानं होते. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आपण सगळ्यांनी दिल्या. स्मरणचित्र, वस्तुचित्र, संकल्पचित्र. मातीत हात घालणं त्यात नाही. ते होतं फक्त दिवाळीच्या किल्ल्यात, आणि आता किल्लाही तयार मिळतो, प्लास्टर ऑफ पॅरिसचा, मावळ्यांसकट.

आणि आई? आई तळ्याकाठच्या बागेत यायला तयार नाही. पाय आता बरा चालतो, काठी घेऊन फाटकापर्यंत जाऊ शकते. पण म्हणते, "लोक बघतात." बाग आहे, बाकं आहेत, ट्रॅकवर पॅन्ट-टीशर्टातले धडधाकट लोक गोल फिरतायत. त्यात जिचा तोल जातो, हात थरथरतो, तिनं कुठे उभं राहायचं? आपल्या सार्वजनिक जागा तोल असलेल्या माणसांसाठीच बांधलेल्या आहेत. ज्याचा तोल जातो तो घरात बसतो, आणि घरात बसला की तोल आणखी जातो. हे मी वैद्यकीय मत म्हणून नाही, घरातलं बघून सांगतोय.

म्हणून एक मागणी. यंदा वॉर्डाच्या निधीतून त्या बागेत नवं 'आकर्षण' बसवायचा विचार सुरू आहे असं कानावर आलं. कुणीतरी जिराफ सुचवलाय म्हणे. जिराफाच्या खर्चात बसेल आणि बरंच उरेल असं एक काम मी सुचवतो. एक ओटा बांधा. वीतभर उंच, ऐसपैस, कडा गोल केलेल्या. एका बाजूनं उतार, म्हणजे चाकाची खुर्ची चढेल. दोन बाजूंना धरायला कठडा. वर शेवग्याचं नको, कडुनिंबाचं एक झाड लावा, सावली हवी. शेजारी एक पेटी, तिच्यात चेंडू, वाटी, रिकामी बादली, काठी, जुनी उशी. चोरीला जातील, जाऊ द्यात, भंगारातून परत आणू, मी जबाबदारी घेतो. आणि एक पाटी. दर महिन्याला शाळेतल्या पोरांनी काढलेली नवी सूचना तिच्यावर. 'वाटी तळहातावर ठेवा, साठ मोजा.' 'एका पायावर बगळा व्हा.' 'शेजारच्याच्या पाठीला पाठ लावून उभे राहा, बोलू नका.' शेजारच्याशी सहा महिने अबोला असलेल्यांसाठी शेवटची खास!

यात वुर्मची नक्कल आहे का? कल्पनेचं ऋण आहे, आणि ते पाटीच्या कोपऱ्यात त्याच्या नावानं लिहूया. बाकी 'स्टॅच्यू' आपला, गोविंदांचा थर आपला, तोही मिनिटभरच टिकणारा. घागर फुटेपर्यंत डोळ्यात तेल घालून बघणारी गर्दी आपली. शेतातलं बुजगावणंही आपलं, कुणाच्या तरी जुन्या शर्टात पेंढा भरून उभा केलेला माणूस. मिनिटभर एकमेकांसमोर हास्यास्पद दिसायची आपल्याला सवय होती. ती फार जुनी गोष्ट नाही.

अशा ओट्यावर सहा वर्षांची पोर बगळा होईल आणि पडेल. शेजारी साठीतले काका पडतील. त्या दोघांच्या शेजारी कुणाची आजी वाटी धरून उभी राहील आणि तिचा हात थरथरेल, तर तिच्याकडे कुणी वेगळ्या नजरेनं बघणार नाही, कारण तिथे सगळेच थरथरतायत. माझी मागणी एवढीच आहे. गावात एक जागा अशी असावी, जिथे तोल जाणं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

अर्ज लिहून तयार आहे, साध्या मराठीत, दीड पान. ओट्याचं चित्र आमच्या शाळेतल्या एका माजी विद्यार्थिनीनं काढून दिलंय, ती आता आर्किटेक्ट आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारी सकाळी आठ ते दहा तळ्याच्या फाटकाशी या. जिराफाच्या बाजूचे असतील त्यांनीही या, भांडू, चहा माझ्याकडून. फक्त सही करायच्या आधी एक अट आहे. वाटी मी घेऊन येतोय. साठ मोजेपर्यंत तळहातावर धरून दाखवायची.

सोपं वाटतंय ना? आत्ता फोन खाली ठेवा आणि करून बघा. आईचा परवाचा आकडा अठ्ठावन्न आहे.